चिकाची घाई आणि शेणखताची सबूर

आई गमावलेली वासरे बाटलीवर वाढवणाऱ्या आणि त्याच छोट्या शेतावर भाजीची बागही करणाऱ्या वाचकांकडून या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. वासरांविषयीची बहुतेक पत्रे एक दिवस उशिरा लिहिलेली होती, तर बागेविषयीची बहुतेक पत्रे महिनाभर आधी घाई करून झाल्यावर लिहिलेली होती. उत्तरे देताना हाच धागा माझ्या मनात राहिला आहे. आजारी जनावर समोर उभे राहून तपासणाऱ्या पशुवैद्याचा शब्द मात्र या सदरातील शब्दापेक्षा नेहमीच वरचा मानावा.

प्रश्न : आमची गाय व्यायल्यानंतर तासाभरात दगावली. वासरू धडधाकट दिसत होते, म्हणून त्या रात्री त्याला दुसऱ्या गायीचे साधे दूध पाजले आणि चिकाची शोधाशोध दुसऱ्या दिवशी दुपारी केली. आमचे काही चुकले का? पुढे असा प्रसंग आल्यास काय करावे?

उत्तर : ज्या रात्री घरातली गाय गेली, त्या रात्री आपण वासराच्या पोटात काहीतरी घातले हे कमी नाही, त्यामुळे स्वतःला फार दोष देऊ नये, पण हो, चूक झाली, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून तिचे कारण समजून घेतले पाहिजे. गायीच्या गर्भाशयातील वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पोटातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून जन्मलेले वासरू रोगांशी झुंजण्याच्या दृष्टीने जवळजवळ रिकाम्या हाताने जगात येते. ती शिदोरी त्याला चिकातून मिळते. चिकातील ही द्रव्ये आतड्याच्या भिंतीतून जशीच्या तशी रक्तात उतरू शकतात, परंतु हे दार फार थोडा वेळ उघडे असते : पहिल्या सहा तासांत ते बरेच सताड असते, नंतर तासागणिक मिटत जाते आणि चोवीस तासांनी जवळपास बंद होते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत, वासराच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर इतका द्यावा आणि दहा-बारा तासांनी त्याच्या निम्मा पुन्हा द्यावा. आपण दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक अगदीच वाया गेला असे मात्र नाही, कारण रक्तात न उतरलेली द्रव्येही आतड्यात राहून तिथल्या जंतूंना काही प्रमाणात अडवतात.

पुढच्या प्रसंगाची तयारी आजच करता येते. आपल्याकडची किंवा शेजारची एखादी निरोगी, दोन-तीन वेळा व्यालेली गाय पुन्हा विते तेव्हा, तिच्या स्वतःच्या वासराचे पोट भरल्यानंतर, पहिल्याच दोहनातला जास्तीचा दाट चीक स्वच्छ बाटल्यांत किंवा जाड पिशव्यांत लिटर-लिटरने भरून गोठवून ठेवावा. उणे २० अंश सेल्सिअस तापमानात तो वर्षभर टिकतो. साध्या शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात मात्र दोन दिवसांपलीकडे त्याच्यावर विसंबू नये. पिशवीवर तारीख लिहायला विसरू नका, हे मी स्वतः एकदा विसरल्यामुळे सांगतो. गोठलेला चीक वितळवताना पिशवी ५० अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात ठेवावी आणि पाणी बदलत राहावे. रात्री दोन वाजता थंड पिशवी हातात घेऊन उभे असताना ती सरळ चुलीवर ठेवण्याचा मोह होतो, परंतु ज्या द्रव्यांसाठी हा खटाटोप चालला आहे ती प्रथिने तापल्यावर निकामी होतात आणि हाती उरते ते केवळ दाट दूध. वासराच्या तोंडात बोट घातल्यावर ते चोखत नसेल, तर बळजबरीने घशात ओतू नये. अशा वासराला नळीने चीक पाजण्याचे काम पशुवैद्याकडून करून घ्यावे आणि जमल्यास त्याच वेळी शिकूनही घ्यावे.

राहता राहिली बेंबी. जन्मल्याबरोबर लोंबती नाळ आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढावी आणि पुढचे काही दिवस रोज हाताने चाचपून पाहावी. बेंबी गरम, जाड किंवा दुखरी लागली तर थांबू नये.

प्रश्न : वासरू बाटली अधाशासारखी ओढते, मध्येच खोकते आणि कधीकधी नाकपुड्यांतून दूध येते. निपलचे छिद्र मोठे केल्यास लवकर पिऊन होईल, असे वाटते. तसे करावे का?

उत्तर : कृपा करून करू नका. छिद्र आधीच मोठे असावे, अशी माझी शंका आहे. बाटली उलटी धरल्यावर दुधाची धार लागता कामा नये, फार तर थेंब टपकावेत. आईच्या कासेखाली वासरू मान किंचित वर ताणून पिते आणि त्या चोखण्यामुळेच अन्ननलिकेच्या टोकाची पन्हळ मिटून तिची नळी बनते. गुरांच्या पोटाला चार कप्पे असतात; दूध त्या नळीतून कोठीपोट हा पहिला कप्पा टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते, जिथे ते विरजून पचते. दूध भराभर ओतले गेले किंवा मान फार उंच धरली, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि नाकातून येणारे दूध ही त्याचीच सूचना असते. फुप्फुसात गेलेल्या दुधाने होणारा निमोनिया बरा करणे अवघड असते. म्हणून वासरू उभे असताना, बाटली त्याच्या खांद्याच्या उंचीच्या आसपास धरून, ३८ ते ३९ अंश तापमानाचे दूध सावकाश पाजावे. दूध पिण्यात दहा मिनिटे गेली तर त्यात आपले काहीच बिघडत नाही, वासराचे मात्र पुष्कळ साधते.

दुधाच्या मापाचाही उल्लेख आपल्या पत्रात होता. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध रोज देण्याचा जुना हिशेब जगण्यापुरता आहे. वासरू नीट वाढावे असे वाटत असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या दीडपट, किंबहुना दुपटीपर्यंतही हळूहळू जाता येते, मात्र ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. औषध चालू असलेल्या गायीचे दूध फुकट जाते म्हणून वासराला पाजण्याची पद्धत मला मान्य नाही. त्यातले प्रतिजैविकांचे अंश वासराच्या पोटातील जंतूंना त्या औषधांना दाद न देण्याची सवय लावतात.

प्रश्न : नऊ दिवसांच्या कालवडीला पातळ, पिवळट हगवण लागली आहे. पोटाला विश्रांती मिळावी म्हणून दोन दिवस दूध बंद ठेवावे, असे अनुभवी मंडळी सांगतात. आपले मत काय?

उत्तर : दूध बंद करणे हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो आणि त्यापायी पुष्कळ वासरे अशक्त होऊन मरतात. हगवणीत वासराचा घात प्रामुख्याने होतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे व रक्तातील आम्लता वाढल्यामुळे. त्यात दूधही तोडले की त्याच्याजवळची तुटपुंजी ऊर्जा संपते आणि आतड्याची सोललेली भिंत भरून यायलाही काही उरत नाही. वासरू चोखत असेल तोवर त्याचे नेहमीचे दूध, हवे तर थोड्या थोड्या प्रमाणात आणि अधिक वेळा, चालूच ठेवावे. त्याशिवाय वासरांसाठी मिळणारी क्षार-शर्करेची पूड कोमट पाण्यात सांगितलेल्या मापाने कालवून, दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये, दर खेपेस साधारण दोन लिटर द्यावी. ही पूड दुधात मिसळू नये, कारण तिच्यातील काही क्षारांमुळे दूध पोटात नीट विरजत नाही. दूध आणि हे पाणी यांत दोनेक तासांचे अंतर राखलेले बरे.

पाणी किती कमी झाले आहे हे डोळ्यांनी आणि बोटांनी कळते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट न होता उभीच राहिली, किंवा डोळे खोबणीत गेलेले दिसले, तर प्रकरण पुढे गेले आहे. वासरू उठत नाही, तोंड आतून थंड लागते, चोखण्याची इच्छा मेली आहे, अशा अवस्थेत तोंडाने पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. त्याला शिरेतून द्रव चढवावे लागते आणि ते त्याच दिवशी, सकाळ होण्याची वाट न पाहता करावे लागते. थर्मामीटर घरात असावाच. वासराचे तापमान ३८.५ ते ३९.५ अंशांच्या दरम्यान असते. त्याहून वर गेले तर ताप, आणि फार खाली उतरले तर ते तापापेक्षाही वाईट लक्षण.

वयावरून कारणाचा थोडा अंदाज बांधता येतो. पहिल्या चार-पाच दिवसांतील हगवणीमागे बहुधा कोलाय जातीचे जंतू असतात, पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत रोटा व कोरोना गटांतील विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परजीवी यांची शक्यता अधिक असते, तर तीन आठवड्यांनंतर रक्तमिश्रित शेण दिसल्यास कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी आहेत का, ते तपासून घ्यावे. विषाणूंवर आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत, हे लक्षात ठेवल्यास घरातल्या उरलेल्या गोळ्या भरवण्याची हौस आवरता येईल. आपल्या वासराचे वय पाहता हा परजीवी विसरून चालणार नाही, कारण तो माणसालाही जडतो. कालवडीचे काम सर्वांत शेवटी करावे, नंतर हात साबणाने धुवावेत, ते कपडे स्वयंपाकघरात आणू नयेत आणि ती बरी होईपर्यंत लहान मुलांना तिच्याजवळ जाऊ देऊ नये. तिच्या खालचा भिजलेला पेंढा काढून जागा कोरडी करावी. नेहमीच्या जंतुनाशकांना हा परजीवी दाद देत नाही, वाळण्याने आणि उष्णतेने मात्र मरतो.

प्रश्न : लहान वासराला पाणी कधीपासून ठेवावे?

उत्तर : पहिल्या आठवड्यापासूनच. दुधात पाणी असतेच असे म्हणून कित्येकजण थांबतात, पण दूध चौथ्या कप्प्यात जाते आणि पाणी कोठीपोटात. जन्मतः एकूण पोटाचा जेमतेम चौथा हिस्सा असलेले हे कोठीपोट मोठ्या गायीत चार पंचमांश जागा व्यापते, आणि ते वाढते खुराक आंबवून निर्माण होणाऱ्या आम्लांच्या जोरावर. पाण्याशिवाय हे आंबणे होत नाही. म्हणून चौथ्या दिवसापासून मूठभर खुराक, शेजारी स्वच्छ पाणी, आणि उरलेला खुराक रोज काढून टाकून नवा घालणे, एवढे करावे. वासरू सलग तीन दिवस रोज सुमारे एक किलो खुराक खाऊ लागले की आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध हळूहळू तोडता येते. लहान चणीच्या जातीत याहून थोडा कमी खुराकही पुरतो.

प्रश्न : दोन पोरकी वासरे एकत्र ठेवली आहेत. दूध पिऊन झाले की ती एकमेकांचे कान आणि बेंबी चोखत बसतात. वेगळी बांधावीत का?

उत्तर : वेगळी बांधण्याची घाई नको. जोडीने वाढलेली वासरे खुराक लवकर शिकतात आणि नव्या गोष्टींना कमी बुजतात, आणि आई नसलेल्या जिवाला सोबतीचे मोल अधिक असते. चोखण्याची ऊर्मी दुधाच्या चवीने चाळवते आणि साधारण दहा मिनिटांत ओसरते, म्हणून बाटली रिकामी होताच ती हिसकावून न घेता रिकामे निपल तेवढा वेळ तोंडात राहू द्यावे, किंवा लगेच खुराकाचे टोपले पुढे करावे. छोट्या छिद्राच्या निपलमुळे दूध सावकाश येते आणि ही खोड आपोआप कमी होते. एवढे करूनही बेंबी चोखणे थांबले नाही, तरच दूध पाजल्यानंतरचा अर्धा तास मध्ये आडवी फळी घालावी.

प्रश्न : आमचा चार महिन्यांचा गोऱ्हा मुलांच्या मागे मागे धावतो आणि लाडाने ढुशा देतो. मुलेही त्याचे कपाळ ढकलून खेळतात. पाहणाऱ्यांना गंमत वाटते, मला मात्र काळजी वाटते.

उत्तर : आपली काळजी योग्य आहे आणि मुलांची समजूत आजच घालावी. बाटलीवर, एकट्याने, माणसांतच वाढलेला नर माणसाला आपल्याच जातीचा समजू लागतो आणि वयात आल्यावर बैलाने बैलाशी करावी तशी बरोबरी तो माणसाशी करू पाहतो. आईजवळ किंवा इतर गुरांत वाढलेल्या नरांपेक्षा असे नर माणसावर अधिक वेळा चालून जातात, हे अभ्यासांतून दिसले आहे. कपाळ ढकलण्याचा खेळ म्हणजे त्याला झुंजीचा धडा देणेच होय. लाड करायचाच तर मानेखाली, गळ्याच्या पोळीवर खाजवावे, खरारा करावा, पण डोक्याला हात लावू नये. त्याला लवकरात लवकर इतर वासरांत मिसळू द्यावे, आणि पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर खच्चीकरण कधी करावे हे पशुवैद्याला आताच विचारावे. लळा लागलेला असतो तेव्हा हे बोलणे कठोर वाटते, याची मला कल्पना आहे. माझ्याकडच्या एका लाडक्या गोऱ्ह्याने वर्षभराने मला कुंपणाशी दाबून धरले होते. त्याच्या मते तो खेळच होता.

प्रश्न : वासरांचे ताजे शेण आणि भिजलेला पेंढा आम्ही थेट भाजीच्या वाफ्यांत पसरला. काही रोपे करपली, काही पिवळी पडली, आणि टोमॅटोची पाने आतल्या बाजूला वळून चमच्यासारखी झाली. शेणखत तर उत्तम असते ना?

उत्तर : आपल्या एका वाफ्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या असाव्यात, म्हणून त्या सुट्या करून पाहू. करपण्यामागे ताज्या शेणमुतातील अमोनिया आणि क्षार असतात; कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. पिवळेपणाचे कारण बहुधा याच्या अगदी उलट आहे. पेंढ्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते, त्यामुळे तो मातीत कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या गरजेसाठी आजूबाजूचे नत्र ओढून घेतात आणि रोपे तेवढा काळ उपाशी राहतात. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे खत बाहेर कुजू देणे. हाताच्या अंतरावर शेणाचा ढीग दिसत असताना वाफा रिकामा ठेवणे जिवावर येते, हे खरे. पण वासराच्या पहिल्या चिकाला जसा उशीर चालत नाही, तशी शेणखताला घाई चालत नाही.

ढीग रचताना शेण आणि पेंढा किंवा वाळका पाला यांचे थर द्यावेत, म्हणजे कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण पंचवीस-तीसास एक या घरात राहते. केवळ दुधावर असलेल्या वासरांचे शेण थोडे, चिकट आणि ओले असते. त्याच्या ढिगात हवा खेळत नाही, म्हणून तिथे कोरड्या पाल्याचा हात सढळ ठेवावा. मूठभर खत घट्ट पिळल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार येऊ नये. ढीग निदान छातीइतका उंच आणि तेवढाच रुंद असला तरच तो आतून तापतो. ५५ अंश किंवा त्याहून अधिक उष्णता पंधरा दिवस टिकली आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ करून बाहेरचे आत गेले, तर तणांचे बी व रोगजंतू बव्हंशी मरतात. त्यानंतर ढीग थंड होऊन, मातीचा वास येऊ लागेपर्यंत आणखी काही महिने पडून राहू द्यावा. न कुजलेले शेण घालायचेच असेल, तर अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतील अंतर पाळण्यासारखे आहे : मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीआधी १२० दिवस, आणि मातीपासून उंच लागणाऱ्या फळांच्या काढणीआधी ९० दिवस. ज्या वासरांना हगवण होती, त्यांचे शेण तर कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीच्या जवळपासही नको.

टोमॅटोच्या वळलेल्या पानांची गोष्ट निराळी, आणि ती मला अधिक खटकते. विकत आणलेल्या वैरणीवर रुंद पानांच्या तणांसाठीचे तणनाशक मारलेले असेल, तर अमिनोपायरालिड आणि क्लोपायरालिड यांसारखी काही द्रव्ये गवतात टिकतात, जनावराच्या पोटातून फारशी न बदलता शेणामुतात उतरतात आणि खतातही महिनोन्‌महिने राहतात. गुरांना ती बाधत नाहीत. टोमॅटो, वाटाणा आणि घेवडा यांना मात्र अत्यल्प प्रमाणातही बाधतात. विषाणूमुळेही पाने आकसतात, म्हणून आधी परीक्षा करावी. एका कुंडीत निव्वळ माती आणि दुसरीत माती व संशयित खत समप्रमाणात घेऊन दोहोंत घेवड्याच्या चार-चार बिया लावाव्यात. तीन-चार आठवड्यांत फक्त खताच्या कुंडीतील पाने वळली, तर दोष खताचा. असे खत भाजीला घालू नये, मक्यासारख्या गवतवर्गीय पिकाला ते चालते. विक्रेत्याला वैरणीवर काय मारले होते हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. माझा घेवड्याचा एक अख्खा हंगाम हा प्रश्न न विचारल्यामुळे गेला.

प्रश्न : नोकरी सांभाळून दोन वासरे आणि बाग, दोन्ही निभतील का?

उत्तर : निभतील, पण दोन्हींना सारखाच मान देऊन नव्हे. पहिले दोन महिने वासरांचे घड्याळ आधी लावावे आणि उरलेल्या वेळात बाग बसवावी, कारण वासराचे पोट वेळेवर चालते, तर वाफ्यातले तण आणखी दोन दिवस वाढले तरी आकाश कोसळत नाही. त्या काळात रोज निगा मागणारी पालेभाजी टाळून भोपळा, रताळे यांसारखी पसरून स्वतःची जागा धरणारी पिके लावावीत आणि वाफ्यांवर जाड आच्छादन घालावे, म्हणजे पाणी व निंदणी दोन्ही कमी होतात. सकाळची बाटली देऊन झाल्यावर गोठ्यात एकदा गुडघे टेकून, वासराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घेऊन पाहावा. उभ्याने न जाणवणारा अमोनियाचा वास तिथे नाकाला झोंबला, तर त्या दिवशीचा बागेचा वेळ पेंढा बदलण्यात जाऊ द्यावा. थंडीत पेंढा इतका असावा की बसलेल्या वासराचे पाय त्यात दिसू नयेत.

प्रश्न : बागेतली छाटणी आणि उरलासुरला भाजीपाला वासरांना घालता येईल का?

उत्तर : रवंथ नीट सुरू होऊन दूध तुटेपर्यंत नको, त्यानंतर थोडा थोडा घालावा. गाजर, बटाटा, बीट यांचे गोल तुकडे घशात अडकतात, म्हणून ते लांब चिरून द्यावेत. टोमॅटो व बटाट्याचा पाला, हिरवट पडलेले बटाटे, एरंड, धोत्रा आणि घाणेरी गव्हाणीत जाऊ देऊ नये. कण्हेर तर गोठ्याच्या कुंपणालाही नको, कारण तिची थोडीशी पानेही वासराचे हृदय थांबवायला पुरतात आणि वाळल्यावरही तिचे विष कमी होत नाही. कुंपण छाटल्यावर काड्या गोठ्याच्या बाजूला टाकल्या जाणार नाहीत, हे छाटणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.